खुणेपुरतं गाण्याचा दिवस

बाळांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही एका भल्यामोठ्या रंगमंचावर उभे आहात. समोर खुर्च्यांच्या रांगा, त्यांच्या वर सज्जे आणि सज्ज्यांच्या वर आणखी सज्जे. पायांपुढे एक लांबट खड्डा आणि त्यात दाटीवाटीने बसलेले वादक. माइक नाही. तुमच्या गळ्यातून निघालेला आवाज त्या सगळ्या वाद्यांच्या डोक्यांवरून, अगदी शेवटच्या सज्ज्यात पेंगत बसलेल्या आजोबांच्या कानापर्यंत पोचवायचा आहे. आणि ओरडायचं मात्र नाही. ओरडलात की गाणं संपलं, उरला नुसता गोंगाट. करून पाहा बरं मनातल्या मनात! छाती दडपली ना?

आपल्या गोष्टीतल्या मुलीची छाती दडपायची नाही. उलट तिथे उभं राहिलं की तिला घरी आल्यासारखं वाटायचं. ती सोळा वर्षांची होती आणि ऑपेरात गायची. ऑपेरा म्हणजे असं नाटक, की ज्यात कुणी साधं बोलतच नाही. ‘दार उघड’ म्हणायचं तरी गाऊन, रागवायचं ते गाऊन, आणि मरायला टेकलेला माणूससुद्धा आधी चांगलं लांबलचक गाऊन घेतो, मग मरतो. त्यात बायकांचा जो सगळ्यात उंच आवाज असतो त्याला सोप्रानो म्हणतात. तो हिचा होता.

घरी तिला सगळे पिपाणी म्हणायचे. नाव बाबांनी ठेवलेलं. बाबांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं. मागच्या खोलीत घर, पुढे दुकान. ते चष्म्याच्या काचा घासत बसायचे आणि आत पाळण्यातली ही रडायला लागली की गिऱ्हाईक दचकून चष्मा खाली पाडायचं. “आमच्या पिपाणीने धंदा वाढवला,” असं बाबा सांगायचे. “जुनी काच फुटली की नवी लागतेच ना!”

दहाव्या वर्षी आईने तिला नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलं. तिथे बाई मुलांना गाणं शिकवायच्या. बाई एके काळच्या नावाजलेल्या गायिका. पण गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि गाणं सुटलं, तेव्हापासून त्या ही शाळा चालवत होत्या. आईने पुढे कपाळालाच हात लावला. कारण पहिले कित्येक महिने बाईंनी पिपाणीला गाऊच दिलं नाही. जमिनीवर उताणं झोपायचं, पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचं आणि श्वासाने ते हळूहळू वर उचलायचं. मग ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुर्रर्र करायचं.

“घोडाच शिकवायचा होता तर आधी सांगायचं,” बाबा म्हणाले. “चारा तरी आणून ठेवला असता.”

पण बाईंना घाई नव्हती. “आवाज काय, आहेच तुझ्याकडे,” त्या म्हणायच्या. “तो कुठे वापरायचा नाही, हे शिकायला वेळ लागतो.” हे सांगताना त्या पिपाणीचं मनगट धरून उभ्या राहायच्या. आवाज जास्त झाला की अंगठ्याने हलकंच दाबायच्या. एकदा दाबलं की कमी कर. ही दोघींची खूण. तिसऱ्या कुणाला ती दिसायची नाही.

वर्षं गेली. पिपाणी आधी रंगमंचावरच्या पोरांच्या गर्दीत उभी राहिली, मग एकदा पडद्यामागून पक्ष्याचा आवाज गायली, आणि सोळाव्या वर्षी तिला पहिली खरी भूमिका मिळाली. दर्यावर्दीच्या बायकोची दासी. नवऱ्याची वाट पाहणारी मालकीण आणि ही दासी खिडकीशी उभ्या राहतात, दूर शीड दिसतं आणि दोघी मिळून गातात, एवढंच काम. पण ते दोघींचं गाणं म्हणजे त्या खेळाचा प्राण होता. आणि मालकीण कोण, तर बाई! वादकांना छडीने ताल दाखवणारे गृहस्थ, ज्यांना सगळे छडीवालेच म्हणत, त्यांनी हट्टच धरला होता, की एवढ्या वर्षांनी बाईंनी पुन्हा उभं राहावं. गळा टिकला तर पुढच्या हंगामापासून बाई पुन्हा गाणार होत्या. नाही टिकला, तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

आता नाट्यगृहातली एक रीत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते. खेळाच्या आधीचे दिवस तालमींनी भरलेले असतात. रोज पूर्ण आवाजात गायलं तर खेळाच्या दिवशी गळा बसेल. म्हणून एक दिवस ठरवून सगळे ‘खुणेपुरतं’ गातात. उंच सूर खालच्या सप्तकात घ्यायचे, शब्द नुसते ओठांवर ठेवायचे, आणि आपण कुठे आहोत एवढं दुसऱ्याला कळेल इतकाच आवाज काढायचा. त्या दिवशी मोठमोठे गायकसुद्धा दुपारच्या झोपेतून उठल्यासारखे पुटपुटत असतात. त्याचं कुणाला हसू येत नाही.

त्या सकाळी छडीवाल्यांनी सांगितलंच, “आज सगळं खुणेपुरतं. वादकांनो, तुम्हीही जपून.”

पिपाणीने मान डोलावली. आणि मग तिची नजर समोरच्या अंधाऱ्या खुर्च्यांकडे गेली. मधल्या रांगेत एकटेच मोठे साहेब बसले होते. नाट्यगृहाचा कारभार त्यांच्या हाती. पुढच्या हंगामात कोण गाणार, हे तेच ठरवायचे. खेळाच्या दिवशी त्यांच्या भोवती पाहुणे असणार, तेव्हा दासीकडे कोण बघतो? आज मात्र ते नुसते ऐकत होते.

दोघींचं गाणं आलं. बाईंनी ठरल्याप्रमाणे तिचं मनगट धरलं आणि खालच्या सुरात पुटपुटायला सुरुवात केली. पिपाणीने श्वास घेतला. आणि पूर्ण आवाजात गायली.

अंगठा दाबला गेला. तिला कळलं. तिने कळलं नाही असं दाखवलं. पुन्हा दाबला गेला, या वेळी जरा जोराने. सगळं नाट्यगृह तिच्या एकटीच्या आवाजाने भरलं होतं. इतकं गोड तिला आजवर काही वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदा अंगठा रुतला तेव्हा तिने मनगट हलकेच वळवून सोडवून घेतलं.

आणि तेवढ्यात बाईही पूर्ण आवाजात गायला लागल्या. एकदम, खालून, भरदार. वादक चपापले आणि त्यांनीही जोर धरला. दोघींचे आवाज वर चढत गेले, अगदी शेवटच्या सुरापर्यंत. तिथे कापड टरकावं तसा बाईंचा आवाज टरकला. पिपाणीचा टिकला.

समोर मोठे साहेब उठून उभे राहिले होते. ते पिपाणीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही असं बजावलं. परगावाहून तातडीने एक गायिका बोलावली गेली. तिला ती भूमिका पाठ होती. आणि नाट्यगृहाच्या उपाहारगृहात जेवायच्या सुट्टीत कुजबुज सुरू झाली.

“शिष्येचं कौतुक बघवलं नाही हो.”

“पोरगी जरा काय खुलली, लगेच तिला झाकायला गेल्या. गेला गळा!”

खड्ड्यात हॉर्न वाजवणारा एक वादक मोठा नकलाकार होता. त्याने खुर्चीवर चढून, एक हात छातीवर ठेवून, शेजारच्याला कोपराने ढकलत बाईंची नक्कल केली. शेवटच्या सुराला त्याने असा काही भसाडा आवाज काढला, की कोरसमधल्या, म्हणजे घोळक्याने गाणाऱ्या बायकांना ठसका लागला. कुणीतरी पिपाणीकडे वळून म्हणालं, “काय गं, असंच ना?”

आणि पिपाणी हसली. फार नाही; दात दिसतील इतकंच. तिला वाटलं, हसलं नाही तर हे लोक विचारत बसतील. शिवाय तिला तेव्हा मनापासून वाटतही होतं, की बाई आपल्याशी चढाओढ करायलाच गायल्या. ते वाटणं तिने घट्ट धरून ठेवलं होतं, कारण त्यामुळे अंगठ्याची आठवण मागे ढकलता येत होती.

ते वाटणं टिकलं रंगीत तालमीपर्यंत. त्या दिवशी पोशाख, दिवे, सगळं खऱ्यासारखं होतं. पाहुण्या गायिकेबरोबर ती खिडकीशी उभी राहिली आणि सवयीने जोर लावून वर गेली. अर्ध्या वाटेवरच तिला जाणवलं, की काहीतरी बिनसतंय. तिचा सूर चढत होता. केसभर, मग दोन केस. दोरी सुटलेल्या पतंगासारखी ती वर वर जात होती आणि खाली काहीच नव्हतं. पाहुण्या गायिका आपल्या जागी शांतपणे, अचूक गात राहिल्या. छडीवाल्यांनी गाणं थांबवलं. खड्ड्यातून कुणीतरी खाकरलं.

पाहुण्या गायिका तिच्याकडे वळल्या. “हे बघ मुली, राग मानू नकोस. जोर लावलास की तुझा सूर चढतो. तू एकटीच वर निघालीस, तर मी तुझ्यामागे येणार नाही. मला माझा गळा सांभाळायचा आहे.”

पिपाणीच्या कानांतून जणू वाफा निघाल्या. खुणेपुरतं गायच्या त्या सकाळीसुद्धा तिचा सूर असाच चढत असणार. मोठ्या साहेबांच्या पुढ्यात, सगळ्यांच्या देखत, ती बेसूर होत असणार. आणि बाईंना ते ऐकू आलं असणार. खुणा करूनही पोरगी थांबत नाही म्हटल्यावर बाईंपुढे दोनच वाटा होत्या. तिला पडू द्यायचं, नाहीतर खालून आपला आवाज घालून तिला धरायचं. बाईंनी आपला दुखरा गळा तिच्या पायांखाली घातला होता. आणि ती त्यावर उभी राहून हसली होती.

खेळ झाला. त्या दिवशी पिपाणी जपून, बेताने गायली आणि लोकांना आवडली. बाबांनी दुकान बंद ठेवून तो पाहिला, आणि दुसऱ्या दिवशीचाही. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा चढवता चढवता ते सांगायचे, “ही खालची ओळ वाचा बरं. वाचलीत? आमच्या पिपाणीने खेळ तारला, ठाऊक आहे का? तिच्या बाई ऐन वेळी आजारी पडल्या.” आतल्या खोलीत पिपाणी कानांवर उशी दाबून बसायची.

गाण्याची शिकवणी मात्र थांबली नव्हती. बाई बोलत नसत, पण शिकवत. पियानो वाजवणारे काका सूर द्यायचे. बाई बोटाने पिपाणीची हनुवटी खाली करायच्या, खांदे सैल करायच्या, चुकलं की हात वर करायच्या. मनगट मात्र धरत नव्हत्या. पिपाणी ते रोज पाहायची.

एक दिवस काका पाणी प्यायला खाली गेले आणि तिने जीव मुठीत धरून सांगून टाकलं. “बाई, मला अंगठा कळला होता. तिन्ही वेळा.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलं नव्हतं. रागही दिसत नव्हता. त्यांनी मान हलवली, म्हणजे ‘मला ठाऊक आहे’, आणि स्वरलिपीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणजे ‘पुन्हा पहिल्यापासून’. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला वाटलं होतं, सांगितलं की मनावरचं ओझं उतरेल. ते तसूभरही हललं नाही.

त्याच आठवड्यात काकांनी तिला जिन्यात गाठलं. “ऐकलंस का? पुढच्या हंगामात बाईंना घेणार नाहीत. वरची खोलीही काढून घेणार म्हणे.”

“गळा बरा होतोय ना पण? डॉक्टरच म्हणाले.”

“गळ्याचं नाही गं. गायक म्हणतात, आम्हाला त्यांच्या शेजारी उभं राहायचं नाही. खुणेपुरतं गायच्या दिवशी शेजारच्यावर कुरघोडी करणारी बाई. तिचा भरवसा काय?” काकांनी चष्मा पुसला. “मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर वाजवतोय. माझा विश्वास बसत नाही. तू तर त्यांच्या अगदी शेजारी होतीस. नक्की झालं काय?”

जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. विचारणारा माणूस मायेचा होता. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा आली नसती.

“मला नाही कळलं काका,” पिपाणी म्हणाली. “मी गात होते.”

काका ‘बरं’ म्हणाले आणि वर गेले. ती तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. अंगावर कुणीतरी उष्टं पाणी ओतावं तसं तिला झालं. पहिल्या चुकीमागे निदान हाव तरी होती, गाण्याची धुंदी होती. याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनीच तिला बोलावलं. खोलीत भिंतभर जुन्या खेळांची चित्रं होती. एकात तरुणपणीच्या बाई होत्या, कमरेवर हात ठेवून हसणाऱ्या.

“बस, बस. पुढच्या हंगामात तुला तीन भूमिका द्यायच्या म्हणतोय. त्या दिवशी तालमीत तू जे गायलीस ना, तेव्हाच मी ठरवलं.”

पिपाणी बसली नाही. “साहेब, त्या दिवशी बाई मला झाकायला गायल्या नव्हत्या. त्यांनी मला थांबायची खूण केली. मी मुद्दाम थांबले नाही, तुम्ही समोर होतात म्हणून. माझा सूर चढायला लागला, म्हणून त्यांनी मला सावरलं.”

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. “आलीस आणि बोललीस, हे चांगलं केलंस,” ते म्हणाले. “आता हे या खोलीतच राहू दे.”

“मग बाई पुन्हा गातील ना?”

“ते कसं होईल? मी एकट्याने मानून काय उपयोग? त्यांच्याबरोबर गायला कुणी तयार नाही. लोकांच्या मनात एकदा जे बसलं ते बसलं. मी काय खाली उपाहारगृहात जाऊन एकेकाला समजावत बसू?” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “आणि तुझं बोलशील तर, हे कळल्यावर तुझ्या शेजारी तरी कोण उभं राहील? सोळा वर्षांची आहेस. विसरून जा. घरी जा.”

पिपाणी बाहेर आली. डावीकडे रस्त्याचं दार होतं. उजवीकडे खाली जाणारा जिना, आणि खालून ताटांचा आवाज येत होता. खरं बोलून झालं होतं. अगदी खुद्द मोठ्या साहेबांपुढे. घरी जायला आता काहीच हरकत नव्हती. पण बंद दाराआड बोललेलं ते खरं बाईंच्या काडीइतकंही कामाचं नव्हतं. त्याने झालं असेल तर पिपाणीचंच भलं झालं होतं, तेही पुन्हा एकदा बाईंच्या जिवावर.

ती उजवीकडे वळली.

उपाहारगृहात कोरसच्या बायका आणि फुंकून वाजवायची वाद्यं वाजवणारे वादक जेवत होते. हॉर्नवाला पाव मोडत काहीतरी सांगत होता. पिपाणी मधल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. सहा वर्षं शिकलेला श्वास ऐन वेळी कुठे दडी मारून बसला कोण जाणे. तिचा आवाज चिरका आणि बारीक निघाला.

“मला काहीतरी सांगायचंय. ती बाईंची नक्कल तुम्ही करता ना, ती खोटी आहे. आणि मी तिला हसले होते.”

मग तिने सगळं सांगितलं. साहेब समोर होते म्हणून आपण गायलो तेही, तीनदा झालेली खूण, सोडवून घेतलेलं मनगट, चढलेला सूर, आणि आदल्या दिवशी जिन्यात काकांशी बोललेलं खोटंही. मधेच तिला रडू आलं, ते तिने बाहीने पुसलं.

हॉर्नवाल्याने हातातला पाव ताटात ठेवला. “पोरी, आम्ही एवढे दिवस...” असं म्हणून तो थांबला. कोरसमधली एक थोराड बाई मात्र उठली. “खुणेपुरतं गायच्या दिवशी? समोरच्याचा गळा आजारी आहे हे माहीत असताना?” ती म्हणाली. “शाब्बास गं!” आपलं ताट उचलून ती लांबच्या टेबलावर जाऊन बसली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. जाताना एकीने पिपाणीचा धक्का लागू नये म्हणून पदर सावरावा तशी आपली शाल आवरून घेतली.

पिपाणीचा चेहरा लालभडक झाला. पळून जावं असं तिला फार फार वाटलं. इतक्यात दार उघडलं आणि जेवणाची दुसरी पंगत आत शिरली. सगळे व्हायोलिनवाले, त्यांच्यामागे छडीवाले, आणि त्यांच्याशी बोलत येणारे पियानोकाका. यांच्यापैकी कुणी काही ऐकलेलं नव्हतं.

पिपाणी तिथेच थांबली. सगळे बसेपर्यंत तिने वाट पाहिली. मग ती काकांच्या टेबलाशी गेली आणि तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.